दा नांगहून आणलेली सुकी मासळी

विमानतळावर आमच्या टूरची माणसं जमली तेव्हा मला प्रश्न पडला, ही मंडळी व्हिएतनाम बघायला चालली आहेत की तिथल्या पूरग्रस्तांना मदत घेऊन? एकाच्या बॅगेत थेपले, दुसऱ्याच्या बॅगेत चिवडा आणि भाकरवडी, तिसरीने तर लोणच्याची बरणी बबल रॅपमध्ये गुंडाळून आणलेली. तरी टूरवाल्यांनी जाहिरातीत छातीठोक लिहिलं होतं, ‘दोन्ही वेळा भारतीय जेवण!’ परदेश बघायचा सगळा, पण तोंडात जाऊ द्यायचा नाही, असा आमच्या लोकांचा खाक्या.

माझ्या दादाने या सगळ्यांवर कडी केली होती. त्याने ट्रॅव्हल कुकर आणला होता. घडी घालता येणारं, रबराच्या पोटाचं, विजेवर चालणारं एक भांडं. इंटरनेटवर त्याचं फार कौतुक आहे म्हणे. “आईला बाहेरचं झेपणार नाही,” दादा म्हणाला, “रोज रूमवर ओट्सची खिचडी करून देऊ.”

आई व्हीलचेअरवर बसली होती. हा प्रवास तिच्यासाठी होता, आणि ओट्सचं नाव ऐकून तिने तोंड फिरवलं ते फक्त मीच पाहिलं.

आमची सगळी हकिगत आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर चारकोपला सेक्टरमध्ये खोली घेतली, तिथेच आम्ही वाढलो. मी अजूनही चारकोपलाच, माझ्या वेगळ्या खोलीत, राहते आणि मालाडच्या एका ऑफिसात नोकरी करते. बाबा गेल्यावर दादाने आईची खोली विकली आणि घाटकोपरला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. घर झकास आहे, नाव ठेवायला जागा नाही. फक्त फ्लॅट घेताना सोसायटीच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी चहा पिता पिता विचारलं, “घर में नॉनवेज वगैरा तो नहीं बनता ना?” कुठल्याही कागदावर ही अट नव्हती. आणि माझा भाऊ, जो दर रविवारी दादरच्या हॉटेलात सुरमईच्या तुकड्या चापतो, तो हसून म्हणाला, “नहीं नहीं, बिलकुल नहीं.”

त्या ‘बिलकुल नहीं’ने माझ्या आईचं जेवण संपवलं. माशाशिवाय तिच्या घशाखाली भात उतरत नाही, आयुष्यात कधी उतरला नाही. वहिनी वाईट नाही, तिने तिच्या परीने सगळं केलं. एअर फ्रायर आणला. त्यात बिनतेलाचं काय काय भाजून आईपुढे ठेवलं. त्या यंत्राएवढं फुकट डोक्यावर चढवलेलं यंत्र मी पाहिलेलं नाही. ओट्यावरची अर्धी जागा खातं, विमानासारखं घोंघावतं आणि शेवटी हातात काय देतं, तर टोस्ट झालेली भेंडी! मग अ‍ॅव्होकॅडो आला. पौष्टिक असेल, मी नाही म्हणत नाही, पण चव विचाराल तर उकडून विसरलेल्या बटाट्याची. मग किनवा नावाचं परदेशी धान्य आलं. आई सगळ्याला “बरा आसा” म्हणायची आणि दोन घास खाऊन उठायची. तिची ब्लाउजं ढगळ झाली. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, आजार काही नाही, यांना भूक लागायला हवी, हवापालट करा. दादाने लगेच व्हिएतनामची टूर बुक केली. घरात दोन बांगडे तळण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटलं.

आईच्या सोबतीला मी निघाले. माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. या सहलीत आईला कसंही करून पटवायचं आणि परत आल्यावर तिला थेट चारकोपला माझ्याकडे न्यायचं, एवढाच माझा बेत होता.

हो ची मिन्ह शहरात उतरलो. शहर आवडावं असंच आहे. स्कूटरचा असा लोंढा की अंधेरीचा नाका त्यापुढे शांत वाटावा, फुटपाथवर गुडघ्याएवढ्या स्टुलांवर बसून वाफाळते वाडगे तोंडाला लावणारी माणसं, आणि सगळीकडून येणारा माशाचा, लसणीचा, कसल्याशा हिरव्या पाल्याचा वास. आमची बस त्या वासाला चिरत जायची आणि एका ‘इंडियन रेस्टॉरंट’समोर थांबायची. आत पनीर बटर मसाला, पिवळी डाळ, जिरा राइस. दुसऱ्या दिवशी दुसरं रेस्टॉरंट, पनीर तेच. बोरिवलीचे एक काका प्रत्येक वेळी समाधानाने म्हणायचे, “अगदी घरच्यासारखं आहे हो!” मला विचारावंसं वाटायचं, काका, घरच्यासारखंच हवं होतं तर घर काय वाईट होतं?

हॉटेलच्या नाश्त्याला ड्रॅगन फ्रूटचा डोंगर रचलेला असायचा. त्या फळाची आपल्याकडे काय ती हवा! वरून दिवाळीचा आकाशकंदील आणि आत पाण्यात भिजवलेला कापूस. आईने एक फोड खाल्ली आणि मला हळूच म्हणाली, “ह्येका चव घालूक इसारले वाटता.” बऱ्याच महिन्यांनी ती काहीतरी बोचरं बोलली होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या वाटणीचंही ड्रॅगन फ्रूट खाऊन टाकलं.

तिथून विमानाने दा नांगला आलो. हे समुद्राकाठचं शहर. बसमधून पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा आई काचेला नाक लावून बसली. लांबवर गोल टोपल्या पाण्यावर तरंगत होत्या. त्या होड्या आहेत, असं टूर मॅनेजरने सांगितलं. बांबूची विणलेली गोल होडी, तिच्यात एक माणूस उभा राहून वल्हवतो. “रापण वढतत काय रे हय?” आईने त्यालाच विचारलं. तो पोरगा पुण्याचा, त्याला रापण म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं. तो म्हणाला, “मॅडम, ते आपल्या पॅकेजमध्ये नाही.”

त्या संध्याकाळी दादाने कुकर काढला. ओट्स, मूगडाळ, हळद, मीठ घालून त्याने ते रबरी भांडं टेबलावर ठेवलं, नेमकं छतावरच्या धुराच्या अलार्मच्या पांढऱ्या बटणाखाली. “वाफेला काही होत नाही गं,” म्हणाला. झालं! वाफ वर गेली आणि सगळ्या मजल्यावर असा भोंगा सुरू झाला की मला गिरणीची आठवण झाली. लोक टॉवेल गुंडाळून जिन्याकडे धावले. बोरिवलीचे काका पासपोर्ट छातीशी धरून खाली उतरले. वहिनी एका डोळ्याला काजळ लावलेल्या अवस्थेत लॉबीत उभी होती. हॉटेलची मॅनेजर बाई अत्यंत सभ्यपणे हसत वर आली आणि तिने कुकर, खिचडीसकट, दोन हातांत धरून जप्त केला. दादाचा चेहरा बघवत नव्हता. आणि व्हीलचेअरवर बसलेली माझी आई, तोंडाला पदर लावून, अंग गदगदा हलवत हसत होती.

दुसऱ्या दिवशी सगळी टूर डोंगरावरचा, दोन दगडी दिसणाऱ्या प्रचंड हातांनी तोललेला प्रसिद्ध पूल बघायला जाणार होती. आईच्या गुडघ्यांना ते शक्य नव्हतं. “तुम्ही जा, मी थांबते तिच्याजवळ,” मी म्हणाले. दादाने दहा सूचना दिल्या. बाहेरचं पाणी नको, बर्फ नको, रस्त्यावरचं तर अजिबात नको. बस वळणावर दिसेनाशी झाली आणि आई म्हणाली, “चल गो बाये, बाजारात.”

मी काही तिला सांगितलं नव्हतं की जवळ बाजार आहे. तिला वारा सांगत होता.

बाजार चिंचोळा आणि ओला होता. व्हीलचेअर दारातच अडली, तेव्हा आई उठून माझ्या दंडाला धरून चालायला लागली. मासेवाल्या बायका पसरट टोप्या घालून बसल्या होत्या. पुढ्यात चकचकीत मासळी. आई एका पाटीपाशी थांबली, सरळ हात घातला, एका माशाचा कल्ला उचलून लाल आहे का पाहिलं आणि पोट दाबलं. मी घाबरले, म्हटलं आता ही बाई ओरडणार. तर ती बाई ओरडली, पण शेजारणीला, आणि दोघी हसायला लागल्या. गिऱ्हाईक कसलेलं आहे, हे त्यांना कळलं होतं. “बांगड्याचो चुलतभाव दिसता,” आई म्हणाली. तिथे त्याला ‘का नुक’ (बांगड्याच्या जातीचा लहान मासा) म्हणतात.

बाजाराच्या मागच्या तोंडाला एक खाणावळ होती. खाणावळ म्हणजे चार टेबलं, दोन चुली आणि एक साठीची बाई. तिचं नाव लान. आम्ही उभ्या राहिल्याबरोबर तिने विचारलं, “आन कम च्वा?” (भात खाल्लात का?) मी फोनवर अर्थ पाहून आईला सांगितला. तिकडे भेटल्यावर ‘कसे आहात’ऐवजी हेच विचारतात. आई म्हणाली, “मग माणसा बरी आसत.” बुटक्या स्टुलावर आईला बसवेना, तर लानबाईंनी स्वतःची खुर्ची आणून दिली.

आणि मग त्यांनी ‘कान चुआ’ (चिंचेतलं माशाचं आंबट सार) पुढे ठेवलं. चिंच, टोमॅटो, अननसाच्या फोडी, आणि भेंडी! हो, भेंडी, पण एअर फ्रायरने छळलेली नव्हे, सारात पोहणारी. शेजारी हळद लावून तळलेला का नुक, वर तळलेली लसूण, आणि एका वाटीत ‘नुओक माम’ (माशाचा खारवलेला अर्क). त्यात मिरचीचे तुकडे. आईने बाजूच्या काड्या सरकवल्या, बाही वर केली आणि भात कालवला.

ती जेवली. मी माझं ताट विसरून तिच्या हाताकडे बघत राहिले. काटा कसा बाजूला सारते, डोकं कसं चोखते, बोटांनी वाडग्याचा तळ कसा पुसते. तिने पुन्हा भात मागून घेतला. सार संपल्यावर लानबाईंनी न विचारता पळीभर वाढलं. आईने पहिल्या घोटाला “तिरफळां नाय” (माशाच्या सारातला आमचा कोकणी मसाला) असा शेरा मारला आणि शेवटच्या घोटाला ढेकर दिला. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. माझ्या आईला भूक लागत होती. ती कधी गेलीच नव्हती. चार हजार किलोमीटरवरची, भाषा न कळणारी बाई तिला पोटभर जेवू घालते, आणि पोटच्या पोराच्या घरात ती उपाशी उठते.

तिथेच मी विषय काढला. “आई, परत गेलो की माझ्याकडे चल. चारकोपला. रोज बाजारात जाऊ.”

तिने हात धुतले, पदराला पुसले. “झील असताना चेडवाकडे ऱ्हवाचा? लोक त्याच्या तोंडात शेण घालतले.”

“कुठले लोक? आता कोण बघतं गं हे?”

“आमचे बघतत. गावाक बघतत. तुझो भाव मान खाली घालून फिरात, ता माका चालाचा नाय.”

मी कपाळावर हात मारला. इकडे भाऊ लोकांना घाबरून मासा शिजवत नाही, तिकडे आई लोकांना घाबरून लेकीकडे राहत नाही. बरं, ते लोक दोघांचे वेगळे!

संध्याकाळी दादा परतला आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं. आधी तो भडकला. “तुला कळतं का काही? पोट बिघडलं असतं म्हणजे? परदेशात हॉस्पिटल म्हणजे वाट लागते!” मग त्याने आईकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून गुणगुणत होती. तो तिच्यासमोर पलंगावर बसला. बूट काढत म्हणाला, “काय काय होतं जेवायला?”

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. टूर खरेदीला गेली, वहिनीही त्यांच्याबरोबर गेली आणि दादा आमच्याबरोबर आला. सॅनिटायझरची बाटली घेऊन आला, पण आला. लानबाईंच्या स्टुलावर त्याचा तो सुटलेला देह कसाबसा टेकला. पहिल्यांदा त्याने काट्या-चमच्याने टोचून पाहिलं. मग चमचा ठेवला. मग घड्याळ काढून खिशात टाकलं. माझा भाऊ कित्येक वर्षांनी आईच्या शेजारी बसून मासा खात होता, आणि आई काटे काढून गाबोळी (माशाची अंडी) त्याच्या भातावर ठेवत होती. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या ताटात! तोही मुकाट खात होता.

“घरासारखं लागतंय गं, आई,” तो म्हणाला. हे वाक्य मी टूरभर ऐकत होते, पण खरं एवढंच होतं.

निघताना बाजारात सुकी मासळी दिसली. उन्हात वाळवलेली, चपटी, मिठाने पांढरी पडलेली. तिला ते ‘का खो’ (सुकी मासळी) म्हणतात. आईने दादाकडे पाहिलं. तोंडाने काही मागितलं नाही. “घे की!” दादा म्हणाला. “घे घे. स्मिते, चांगली पॅक करून घे.” लानबाईंनी एकात एक अशा कितीतरी पिशव्या घालून, चिकटपट्टीने आवळून असं पुडकं बांधलं की कुत्र्यालाही वास लागू नये. मग आईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “आन कम.” (भात खा.) मला वाटलं, जमलं. आता काही बोलायला नको. घरी गेल्यावर आई एका दुपारी तव्यावर दोन तुकडे भाजील, खिडकी उघडी ठेवील, आणि आभाळ काही कोसळणार नाही.

परतीच्या विमानात आईने ट्रेमधला पुलाव उघडलासुद्धा नाही. “घराक जाऊन जेवान,” म्हणाली. मुंबईला उतरलो. कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली, पुडकं हातात घेऊन विचारलं, “ये क्या है?” आई म्हणाली, “सुकी मच्छी.” तो हसला. “संभाल के रखना, आजी,” म्हणाला आणि बॅगेची चेन स्वतः लावून दिली. देशाच्या दारात आईला कोणी अडवलं नाही.

घाटकोपरला टॉवरच्या लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरच्या शेजारीणबाई भेटल्या. बाई अगदी प्रेमळ. “अरे आंटी! कैसी रही ट्रिप? चेहऱ्यावर ग्लो आला हां तुमच्या!” आईचा हात हातात घेऊन त्यांनी चौकशी केली. आईच्या मांडीवर ती पिशवी होती. कसलाही वास येत नव्हता, मी शपथेवर सांगते. दादा मात्र लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

घरात आल्यावर आई अंघोळीला गेली. मी चहा टाकला. पुडकं ओट्यावर, त्या एअर फ्रायरच्या शेजारी ठेवलेलं. चहा गाळून वळते तर पुडकं नाही, आणि दादाही नाही. वहिनी म्हणाली, “गाडीची किल्ली घेऊन गेलेत. लगेच येतो म्हणाले.” तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

तो आला तेव्हा आई टेबलाशी बसली होती, केस पुसत. ओट्यावर नजर टाकून तिला सगळं कळलं होतं.

“खय टाकलंस?”

“आई, बिल्डिंगच्या कचऱ्यात टाकलं नाही. हायवेच्या पलीकडे मोठा डबा आहे महापालिकेचा...”

“कोण काय बोललो तुका?”

“अजून कोणी नाही. पण बोलतील ना. एकदा वास बाहेर गेला की—”

“कोण बोलूक नाय,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “कोणाक बोलूची गरजच पडाक नाय, झिला.”

दादा सोफ्यावर बसला. मला त्याला खूप बोलायचं होतं, सगळी सहलभर जमवलेलं. पण त्याने चेहरा हातांत झाकला होता, आणि मी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. त्या डब्यातून ते पुडकं देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर गेलं असेल. तिथल्या घारींनी खाल्लं असेल तर बरं, लानबाईंची मेहनत कोणाच्या तरी मुखी लागली.

मी आईला पुन्हा विचारलं, “चल माझ्याबरोबर. आत्ता चल.” तिने मान हलवली. वहिनीने वाढलेला अ‍ॅव्होकॅडो टोस्ट पुढे ओढला आणि “बरा आसा” म्हणाली.

परदेशात चांगलं कसं खावं, हे लोक मला आता विचारतात. मी सांगते, बॅगेत कुकर नेऊ नका, जिथे तिथल्या बायका जेवतात तिथे बसा, आणि आईला सोबत न्या. तिला कल्ले बघता येतात. चांगलं खायला परदेशात काही कठीण नाही. कठीण आहे ते घाटकोपरला.

आता रोज सकाळी चारकोपच्या बाजारातून आले की आईचा फोन येतो. वहिनी तिच्यापुढे ओट्सचा वाडगा ठेवते त्याच वेळी. आई आधी हळूच विचारते, “काय गावला गो आज?” मी म्हणते, “बांगडे, आई. ताजे. कल्ले बघून घेतले.” मग मी फोन ओट्यावर उभा करून ठेवते आणि वाटण लावते. तिरफळं ठेचली का, आमसूल किती टाकलं, ती एकेक विचारत जाते. तव्यावर पहिला तुकडा पडला की चर्रर आवाज होतो, आणि तिकडे, घाटकोपरला, चमचा वाडग्यावर वाजायला लागतो. तेवढ्यावर ती सगळे ओट्स संपवते. आवाजाला वास नसतो, म्हणून अजून चाललंय.